लाल माशातला लाल जंत

फिशटँकमध्ये जंत झाले म्हणून मला बोलावणं येतं तेव्हा घरातली माणसं दोन गटांत उभी असतात. एक गट म्हणतो, टाकीच काढून टाका. दुसरा गट काचेला नाक लावून शेजाऱ्यांना दाखवत असतो, तो बघा, तो बघा, वळवळतोय. आणि मधे मी. हातात बादली, खांद्यावर रबरी नळी, चेहरा मोठ्या इस्पितळातून आलेल्या सर्जनसारखा. हा चेहरा मी तीस वर्षांत कमावलाय. त्यामागचं ज्ञान किती आणि चेहरा किती, हे आता दुकान बंद केल्यावर सांगायला हरकत नाही.

बाहेरच्या माणसाला आधी एक सांगायला हवं, की टाकीत दिसणारा प्रत्येक जंत वाईट नसतो. केसाएवढे पांढरे धागे पाण्यात नागमोडी पोहताना दिसले तर समजायचं, या घरात माशांवर प्रेम करणारी माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत. आजोबा सकाळी चिमूटभर खाऊ टाकतात, सून दुपारी टाकते, नातू शाळेतून आला की मूठभर टाकतो. एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. न खाल्लेला खाऊ तळाच्या खड्यांत कुजतो आणि त्यावर हे धागे पोसतात. औषध काही लागत नाही. खडे उपसून धुवायचे आणि खाऊचा डबा कपाटात घालून किल्ली एकाच माणसाकडं द्यायची. या एका सल्ल्यावरून सोलापुरातल्या दोन घरांत तरी सासूसुनेची भांडणं मी लावून दिली आहेत.

दुसरा जंत चपटा. त्रिकोणी डोकं, काचेवरून गोगलगायीसारखा सरकतो. माशांची अंडी खातो. त्याचा तुकडा केला तर तुकड्याचाही पुरा जंत होतो, हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या टाकीत मी काच ब्लेडनं खरवडली. अर्ध्या डझनाचे चार डझन करून दिले आणि त्यावर चहाही घेतला.

एका वकिलांच्या बैठकीतही हाच चपटा जंत होता. तोवर मी शहाणा झालो होतो. द्राक्षबागेत फवारतात ते मोरचूद टाकीत टाकायचं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. टाकलं. जंत मेले. पण टाकीत शेकड्यानं गोगलगायी होत्या, त्याही मेल्या, आणि खड्यांखाली मेल्या, त्यामुळं दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वकिलांच्या मुलीचा साखरपुडा. घरात असा वास सुटला की वकिलीणबाईंनी कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्यांचे पुडे पेटवले. पाहुणे आत आले, धूर बघितला आणि म्हणाले, घर फार धार्मिक दिसतंय. साखरपुडा पार पडला. वकिलांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की आता तिच्यातला धूर दर वेळी वाढतो. संपादकांनी दिवाळीसाठी हलकंफुलकं काहीतरी मागितलं होतं. एवढं झालं ते त्यांचं. पण ही वकिलांची गोष्ट मी नरसक्काच्या गच्चीवर बसून सांगत होतो तेव्हा माझ्या पाठीमागं काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

नरसक्का म्हणजे नरसम्मा. सोलापूरच्या पूर्वभागात विणकरांच्या वस्तीत तिचं घर. घरात तेलुगू, दारात मराठी. नवरा मल्लेशम यंत्रमागावर आयुष्य काढून आता गच्चीवरच्या लोखंडी खुर्चीत बसलेला. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान गेलेले, त्यामुळं त्याला काही सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगणं आलं. नरसक्का विड्या वळायची. तंबाखूनं छातीत खोकला धरला आणि डॉक्टरांनी विड्या बंद करा म्हणून सांगितलं, त्या सुमाराला तिनं माझ्या दुकानातून गप्पी माशांच्या चार जोड्या नेल्या. गप्पी म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. माझ्या दुकानातला सगळ्यात मामुली माल. बाईला विरंगुळा होईल, असं मला वाटलं.

सात वर्षांत त्या चार जोड्यांचं तिनं काय केलं, ते सांगतो. भंगारातले फ्रिज आणून गच्चीवर आडवे टाकले, दार काढून पाणी भरलं. निळे ड्रम अर्ध्यात कापून घेतले. असे अकरा टब. वर जुन्या चादरींची सावली, कारण आमच्या उन्हात उघड्या टबातला मासा दुपारपर्यंत शिजतो. नरात रंग दिसतो, मादी मातकट. मादीत कुठला रंग दडलाय हे तिच्या मुलांवरूनच कळतं. नरसक्का रोज सकाळी पाटावर बसून एकेक टब बघायची. ज्याच्या शेपटीच्या मुळाशी रंग विरळ दिसला तो बाहेर. ज्याची पाठ रेसभर वाकडी तो बाहेर. असं करत करत डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड लाल गप्पी तिनं तयार केला. रंगाच्या पिंपातून आत्ता काढलेल्या सुतासारखा लाल. हैदराबादचे व्यापारी तिला फोन करायचे. मला विचारायचे, या जातीचं नाव काय? मी म्हणायचो, नरसक्काचा लाल.

ती एकदा मला म्हणाली होती, "अण्णा, आयुष्यभर विड्या वळल्या. लोकांनी फुकल्या आणि टाकून दिल्या. हे मातर माझं हाय. मी केलं म्हणून हाय, न्हायतर नव्हतंच की जगात."

तिचा एक नियम होता. प्रत्येक टबाची जाळी वेगळी. टबाला ज्या रंगाचं सूत बांधलेलं, त्याच रंगाचं सूत त्याच्या जाळीच्या दांड्याला. पिवळ्याची जाळी हिरव्यात जायची नाही. बाहेरची जाळी, बाहेरचं पाणी, बाहेरचा मासा तर गच्चीवरच यायचा नाही. मी याला सोवळं म्हणायचो आणि तिला चिडवायचो, "अक्का, माशांची मुंज कधी करणार?"

एका दिवशी मी माल न्यायला गेलो. पिवळ्या सुताच्या टबातले नर हवे होते आणि पिवळी जाळी पलीकडच्या कठड्यावर वाळत पडली होती. दहा पावलं. मी नाही गेलो. पिशवीतली माझीच जाळी काढली आणि घातली. ओलीच होती, सकाळी दुकानात वापरलेली.

"अगो!" नरसक्का जिन्यातूनच ओरडली. "काय केलासा ओ?"

"जाळी बुडवली अक्का, साप सोडला नाही."

तिनं माझी जाळी हातातून काढून घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली. मी हसलो. त्या आठवड्यात माझ्या दुकानात कोलकात्याहून आलेल्या माशांची एक खेप होती आणि त्यातले काही खंगत चालले होते, हे मला माहीत होतं. प्रवासानं आलेत, होतील बरे, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

शपथेवर नाही सांगता येणार की जंत माझ्याच जाळीतून गेले. पण दोन-अडीच महिन्यांनी पहिले मासे पिवळ्या टबातलेच खंगायला लागले.

हा जंत तिसऱ्या जातीचा. टाकीत नाही, माशाच्या पोटात राहतो. आतड्याला धरून रक्त पितो आणि माशाच्या शेपटीखालून लाल बारीक दोऱ्याची टोकं बाहेर लोंबतात. एरवी हे लगेच दिसतं. पण इथं मासा लाल आणि जंतही लाल. सात वर्षं राबून तिनं जो रंग आणला होता, त्याच रंगात तो लपला. मातकट मादीच्या खाली लाल टोकं दिसली तोवर अकरापैकी नऊ टबांत शिरकाव झाला होता. टब वेगळे असले तरी ती नर-माद्या निवडून एका टबातून दुसऱ्यात हलवायची. तिच्याच मेहनतीनं जंत सगळीकडं पोचवला.

"आधी वाटलं सूत हाय," ती म्हणाली. "टबाला बांधलेलं सुटून पडलं असंल. चिमटीत धरून ओढलं, तर मासाच ओढला जातोय. पुरुगुलु हाय ओ अण्णा." पुरुगुलु म्हणजे किडे. तिला दुःख झालं की तेलुगू शब्द यायचा.

मी माझा सर्जनचा चेहरा केला. "एवढंच? अक्का, याचं औषध माझ्या खिशात आहे."

आणि ते खरं होतं. माशांच्या जंतांचं औषध माशांच्या दुकानात क्वचित मिळतं. आम्ही ते जनावरांच्या औषधाच्या दुकानातून आणतो. कोंबड्यांना पाण्यातून देतात ती लेव्हामिसोल नावाची पावडर. तिनं जंत मरत नाही, लुळा पडतो, पकड सुटते आणि मासा त्याला बाहेर टाकतो. मग दुसऱ्या दिवशी तळ उपसून पडलेले जंत काढायचे, पाणी बदलायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यायचं. मी हे बऱ्याचदा केलं होतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचो, आधी एका भांड्यात दोन मासे ठेवून करून बघा, मग सगळीकडं टाका.

त्या दिवशी कोंबड्यांची पावडर मिळाली नाही. दुकानातल्या माणसानं मेंढ्यांना पाजायच्या औषधाची बाटली पुढं केली.

"यात लेव्हामिसोल आहे का?" मी विचारलं.

"हाय की."

मी घेतली. लेबल बारीक इंग्रजीत होतं आणि चष्मा घरी टीव्हीवर होता.

आता इथं सोलापूरच्या पाण्याचं सांगावं लागतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि तेही तास-दोन तास. ज्याच्या घरी मासे आहेत त्याचं पंचांग म्हणजे पाण्याचा दिवस. जंताचं औषध टाकायचं तर टब आधी धुऊन ताज्या पाण्यानं भरलेले हवेत आणि दुसऱ्या दिवशीच्या बदलीसाठी पिंपं भरून ठेवलेली हवीत. म्हणजे हे काम पाण्याच्या दिवशीच. एका टबात करून बघायचं म्हटलं तर उरलेले दहा आणखी पाच दिवस थांबणार. रोज पाच-सहा मासे मरत होते.

"सगळ्यांत टाकायचं का एकदमच?" नरसक्कानं विचारलं.

"टाकू की. नेहमीचं औषध आहे."

ती पिवळ्या टबात डोकावली. मग म्हणाली, "तुमाला माहिती अण्णा."

सकाळी पाणी आलं, आम्ही दोघांनी अकरा टब धुतले, भरले. क्लोरीन मारायला हायपोचे खडे घातले. अंगणातली पिंपं भरून वर आणली. नळ गेला तेव्हा मी बाटली फोडली. सिरिंजनं मोजून, टबाटबाला, शेवटचा थेंब झटकून टाकला. औषध पांढरट होतं. पावडर कधी पाणी असं दुधाळ करत नाही, हे मला दिसलं. मी मनात म्हटलं, कंपनी वेगळी.

मग नरसक्कानं चहा आणला. मी टबांकडं पाठ करून कठड्यावर बसलो आणि वकिलांची गोष्ट सुरू केली. मल्लेशमला ऐकू येत नव्हतं, पण मी हातवारे करून धूर दाखवत होतो, तो बघून तो हसत होता. नरसक्का हसत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती.

"अण्णा, वर यायला लागलीत ओ."

"येणारच. पोटातून जंत सुटताना कळ येते. हवा घ्यायला वर येतात. औषध लागू पडतंय."

"सगळीच?"

"सगळ्यांना दिलंय म्हटल्यावर सगळीच येणार की. बसा तुम्ही. तर वकिलीणबाई म्हणतात कशा..."

गोष्टीला अर्धा तास लागतो. नीट सांगितली तर जास्त. मी नीट सांगितली.

"अण्णा." तिनं पुन्हा हाक मारली तेव्हा ती उभी होती. "हिरव्यातली आडवी झालीत."

मी वळलो. पाण्याच्या पृष्ठभागावर लाल रंगाचा थर होता. तोंडं वर, कल्ले उघडे. काही मासे गोल गोल फिरत होते, काही टबाच्या भिंतीवर आपटत होते. जो मासा हलत नव्हता तो तरंगत होता किंवा तळाला होता. माझ्या हातात चहाची बशी होती. ती कुठं ठेवावी हे मला कळेना, आणि मी ती धरूनच उभा राहिलो. इतकी वर्षं झाली, मला त्या सकाळचं सगळ्यात लख्ख काय आठवत असेल तर ही बशी.

"पिंपात टाका!" नरसक्का ओरडली. "पाणी बदलायला येळ न्हाय. मासंच उचलून पिंपात टाका!"

उद्यासाठी भरलेलं पाणी होतं, ते स्वच्छ होतं. पण अकरा टब आणि हात आमचे चार. कुठून सुरू करायचं, हे मी विचारत बसलो असतो. ती सरळ शेवटच्या फ्रिजकडं गेली. त्यात पोटुशा माद्या होत्या. बाकी दहा टबांवरून तिनं नजर काढूनच घेतली. हातात जी जाळी आली ती तिनं घेतली. तिला निळं सूत होतं की पांढरं, कोण बघतंय. त्याच जाळीनं फ्रिज उपसला, त्याच जाळीनं शेजारचा ड्रम. माझ्या एका ओल्या जाळीवरून जी बाई जिन्यातून ओरडली होती, ती एकच जाळी टबाटबांतून मारत सुटली होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. देवाचं होतं की मला शिव्या होत्या, मला कळलं नाही. तेलुगू होतं.

फ्रिजातल्या तीस-पस्तीस माद्या जिवंत पिंपात पोचल्या. दुसऱ्या टबातले निम्मे. तिसऱ्यात हात घातला तेव्हा जाळी जड लागली. चौथ्यापाशी नरसक्का थांबली, पदराला हात पुसले आणि खाली बसली.

मल्लेशम खुर्चीतून उठला होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो टबाटबाशी जाऊन आत बघत होता आणि पुढं सरकत होता.

"औषध उलटलं," मी म्हणालो. जणू ते स्वतःच्या पायांनी गच्ची चढून आलं होतं.

घरी गेलो. टीव्हीवरचा चष्मा घातला, बाटली उन्हात धरली. लेव्हामिसोल होतं. दुकानातला माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, दुसरं एक औषध होतं. मेंढ्या उजनीच्या काठानं पाणथळीत चरतात, तेव्हा त्यांच्या यकृतात चपटे किडे होतात, त्यावरचं. मेंढीच्या पोटात ते चालतं. पाण्यात मिसळलं की माशांना ते विष. हे मी नंतर एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "तुम्ही हे पाण्यात टाकलं? लिहिलंय की बाटलीवर." मी म्हणालो, एका ओळखीच्या माणसानं टाकलं.

दुसऱ्या दिवशी पिंपात पाच माद्याच उरल्या. तिसऱ्या दिवशी एक.

एक मादी पुरेशी असते, हे मी नरसक्काला सांगायच्या आधी तिलाच माहीत होतं. गप्पीची मादी एकदा नराला भेटली की पुढं कित्येक महिने पिल्लं देऊ शकते. सात वर्षांचा सगळा लाल आता त्या एका मातकट माशाच्या पोटात होता. आणि त्याच पोटाखाली तीन लाल टोकं लोंबत होती. जंत औषधाला पुरून उरला होता की त्याला पुरेसा वेळ मिळाला नव्हता, देव जाणे.

मी आधी दुसरा मार्ग शोधला. म्हणजे पळवाट. गेल्या दोन-तीन वर्षांत नरसक्काचा लाल ज्यांना ज्यांना विकला होता त्यांची दारं वाजवली. रेल्वेतून निवृत्त झालेले कांबळेकाका म्हणाले, "अहो, नातीनं त्यात काळे सोडले, निळे सोडले. आता बघा, कशी रंगपंचमी झालीय." टाकीत ठिपक्याठिपक्यांची प्रजा होती. एका घरी मांजर होतं. एका घरी टाकीत मनीप्लांट होता. हैदराबादच्या व्यापाऱ्यांना ती फक्त नर पाठवायची, आणि ते तिथून लगेच विकले जायचे. त्यामुळं तिकडंही काही उरलं नसणार, हे मला फोन करायच्या आधी कळलं.

आठव्या दिवशी वळसंगच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून कोंबड्यांची पावडर मिळाली. घेऊन गेलो. मादी एका चिनीमातीच्या पांढऱ्या वाडग्यात होती, गच्चीच्या सावलीत. पोट फुगलेलं, पण पाठ धारदार झालेली. जंत आणि पिल्लं दोघं तिला आतून खात होते. औषध दिलं नाही तर ती पिल्लं टाकायच्या आधी मरणार, हे आम्हां दोघांना दिसत होतं.

नरसक्कानं वाडग्यावर हात आडवा धरला.

"नाव वाचा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. "लेव्हामिसोल."

"आणि?"

"आणि काही नाही. एकच आहे."

"त्या बाटलीत आणि काय होतं?"

मी तिच्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं असं नाही. तिला फक्त विचारायचं होतं. आठ दिवस तिनं हा प्रश्न माझ्यासाठी ठेवला होता आणि मी तिसऱ्या दिवसानंतर तोंड दाखवलं नव्हतं.

"दुसरं एक औषध होतं," मी म्हणालो. "माशांना विषारी. बाटलीवर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही." मग आणखी खालच्या आवाजात म्हणालो, "आणि जंत बहुतेक माझ्या जाळीतून आले. त्या दिवशीच्या."

खुर्चीतून मल्लेशमनं विचारलं, काय म्हणतोय तो?

मी इतक्या हळू बोललो होतो की चिमणी उडाली नसती. नरसक्कानं मान वळवली आणि नेहमी त्याच्याशी बोलायची त्या आवाजात ओरडून सांगितलं, "मंदु कादंटा! विषमंटा!"

एवढं तेलुगू मला येतं. औषध नव्हतं म्हणे. विष होतं म्हणे.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. खाली गल्लीत कुणाची तरी सायकल थांबली. तीस वर्षांचा माझा चेहरा तिथं गळून पडला.

मल्लेशम माझ्याकडं वळला. मग मला समजावं म्हणून मराठीत म्हणाला, "मग आता कशाला आलाय?"

हातात पुडी होती, ती मी पुढं केली. नरसक्कानं ती घेतली नाही. वाडग्यावरचा आडवा हात मात्र तिनं काढून घेतला.

"टाका," ती म्हणाली. "तुमीच टाका. माझ्या हातानं न्हाय."

पावडर तीनदा तोलली. आधी दुसऱ्या वाडग्यात पिवळ्या टबाच्या तळातून सापडलेल्या दोन गोगलगायी आणि माझ्या दुकानातून आणलेला एक मासा ठेवून संध्याकाळपर्यंत बघितलं, ते जगले तेव्हाच पांढऱ्या वाडग्यात टाकली. कठड्यावर बसलो नाही. चहा तिनं विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या वाडग्याच्या तळाशी तीन लाल दोरे पडले होते. मादी पोहत होती. नरसक्कानं ते दोरे ड्रॉपरनं काढून जिन्याच्या फरशीवर टाकले आणि चपलेनं घासले, बराच वेळ.

बारा दिवसांनी मादीनं सतरा पिल्लं दिली आणि त्याच आठवड्यात मेली.

इथं मी थांबलो असतो तर दिवाळी अंकाला बरं झालं असतं. सतरांतली चौदा जगली. चौदांतले सहा नर निघाले. रंग भरला तेव्हा सहाही नर डोळ्यापासून शेपटीपर्यंत लाल होते. नरसक्कानं मला फोन करून बोलावलं. माझ्यावर तिचा राग नव्हता असं मी म्हणणार नाही. पण गच्चीवर तो रंग ओळखू शकेल असा दुसरा माणूस नव्हता.

पण ती सगळी एका आईची पोरं. त्यांची पिल्लं आपसांतली, त्यांची पुढची आणखी आपसांतली. पूर्वी तिच्याकडं अकरा टब होते ते याचसाठी, की नात्यातले मासे एकमेकांपासून लांब ठेवता यावेत. पहिल्या विणीत पाठी सरळ होत्या. दुसऱ्या विणीत चार-पाच मासे कमानीसारखे निघाले. तिसऱ्या विणीत सरळ पाठीचे शोधावे लागले. पिल्लं कमी, त्यातली निम्मी पोहतच नव्हती, तळाला उड्या मारायची.

मी म्हणालो, "अक्का, बाहेरचा एखादा चांगला लाल नर आणू का? रक्त बदलेल."

"मग ते कुणाचं होईल?" तिनं विचारलं.

रेसभर वाकडा मासा सात वर्षं एका क्षणात बाहेर टाकणारी बाई आता एकही मासा बाहेर टाकत नव्हती. वाकड्यांना खाऊ तळापर्यंत पोचावा म्हणून ती तो बोटांनी चुरून, भिजवून, ड्रॉपरनं त्यांच्या तोंडाशी नेऊन सोडायची. एकेका टबाचं पाणी ओतलं गेलं. रिकाम्या फ्रिजमध्ये घरच्या वापराचं पाणी भरायला लागले. एका दिवशी तिच्या मांडीवर पुन्हा विड्यांच्या तंबाखूचं सूप दिसलं. ती खोकत होती.

आता एकच ड्रम आहे. पाण्याच्या दिवशी मी अजून जातो, पिंपं वर चढवायला. माझं काम तेवढंच. गेल्या खेपेला तिनं मला ड्रमपाशी बोलावलं. आत दोन माद्या आणि एक नर. नराची पाठ इतकी वाकलेली की तो सरळ पुढं जायला निघाला की कडेला कलंडायचा, आणि पुन्हा निघायचा. चादरीच्या सावलीतून ऊन बाजूला आलं होतं, त्याच्या अंगावर पडत होतं.

"रंग बघा," नरसक्का म्हणाली. "शेपटीच्या मुळापर्यंत बघा. गेलाय का कुटं?"

मी गुडघ्यांवर बसलो, चष्मा लावला आणि खूप वेळ बघितलं. रंग खरंच कुठंच गेला नव्हता.

"नाही अक्का," मी म्हणालो. "पक्का आहे."

तिनं मान हलवली आणि ड्रॉपर घ्यायला खाली वाकली.